काचेआडून निरोप

मुंबईहून आलेला हमरस्ता हातखंब्याला रत्नागिरीकडे एक फाटा सोडतो आणि पुढे गोव्याच्या दिशेने निघतो. त्या तिठ्यावर गंगारामचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायची रीत म्हणून म्हणायचं. चार बाकडी, वर पत्रे आणि मागे उघड्यावर चूल, एवढाच पसारा. गंगाराम मुंबईतली कंपनी बंद पडल्यावर गावी परतला आणि त्याने ते सुरू केलं. तो पुढे गल्ल्यावर बसायचा, ट्रकवाल्यांशी दोन शब्द बोलायचा. मागे धुरात उभी असायची ती त्याची बायको, सावित्री.

सावित्री नाटे गावची, समुद्रावरची. लग्न होऊन या आतल्या गावात आली तेव्हा तिला भाकरीसोबत मासळी नाही म्हणजे जेवणच नाही असं वाटायचं. हळूहळू तिला कुळथाच्या पिठीची सवय झाली, तशीच धुराचीही. पावसाळ्यात लाकडं ओली असत. फुंकणीने फुंकून फुंकून ती चूल पेटवायची, पदराने डोळे पुसायची आणि कढईत भजी सोडायची. पुढे चहासाठी गॅस आला, पण भज्यांची मोठी कढई त्या शेगडीवर बसेना, म्हणून ती चुलीवरच राहिली. तिच्या हातच्या कांदाभजीसाठी ड्रायव्हर मंडळी मुद्दाम गाडी थांबवत. हर्षद हा त्यांचा एकुलता एक मुलगा त्या चुलीच्या उबेला झोपून मोठा झाला, शिकला आणि बोटीवर नोकरीला लागला.

सावित्रीला खोकला केव्हा लागला ते तिलाही सांगता आलं नसतं. थंडीत यायचा, उन्हाळ्यात जायचा. मग उन्हाळ्यातही जाईनासा झाला. गंगारामच्या कानांना तो इतका सवयीचा झाला होता, की त्याला तो ऐकूच येत नसे. तो ऐकला तिच्या भावाने.

सखाराम तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. आईबाप लवकर गेले तेव्हा त्यानेच तिला सांभाळलं आणि त्यानेच उजवलं. त्याची नाट्याला होडी होती. मासळीच्या कामाने रत्नागिरीला आला, की वाट वाकडी करून हातखंब्याला यायचा आणि केळीच्या पानात गुंडाळलेले बांगडे बहिणीच्या हातात ठेवायचा. फार बोलायचा नाही. बाकड्यावर बसून बिडी ओढायचा आणि बहीण मागे काम करताना दिसेल अशा बेताने तोंड करून बसायचा. एकदा त्याने पाहिलं, की विहिरीवरून कळशी आणताना ती वाटेत दोनदा थांबली. त्याने बिडी टाकली, गंगारामला सांगितलं, आणि तिला तशीच पिठाच्या हातांनी रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं. पुन्हा फुंका म्हणाले, पुन्हा. मग त्यांनी सखारामला समजावलं, की हा साधा दमा नाही. वर्षानुवर्षं धूर जाऊन फुफ्फुसं खराब झाली आहेत. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपायचं. सावित्री म्हणाली, मी तर जन्मात बिडीला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, चुलीने लावला ना.

त्यानंतर वर्षभरातच रस्ता रुंद व्हायला लागला आणि हॉटेल गेलं. लोक हळहळले. सावित्रीला मात्र वाटलं, हे आधी झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते ती कोणाला बोलली नाही, कारण हॉटेल गेल्याचं गंगारामला फार लागलं होतं. रोज सकाळी तो सवयीने अंघोळ करून, केस विंचरून तयार होई आणि मग जायचं कुठे, म्हणून ओटीवर बसून राही.

हर्षद बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा त्याने आईसाठी हवा शुद्ध करायचं छोटं यंत्र आणलं. तांब्याएवढं, पांढरंशुभ्र. आत कसलीशी घडीची जाळी, वर एक बारीक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, मधली असली की पिवळा, वाईट असली की लाल. मोबाइलसारखं चार्ज करायचं. गाडीत बसलं की चालू करायचं, काचा बंद ठेवायच्या. हर्षदने तिला सगळं दोनदोनदा करून दाखवलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांनी स्पष्टच सांगितलं, की बंद गाडीत याचा थोडा उपयोग होईल, उघड्यावर काही नाही, आणि हे आहे म्हणून औषधाचा पंप विसरायचा नाही. सावित्रीने मान डोलावली. मुलाने इतक्या लांबून आणलंय, एवढंच तिला पुरेसं होतं.

औषधं आणायला ती एसटीने रत्नागिरीला जायची, तेव्हा ते यंत्र मांडीवर घेऊन बसायची. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, त्यात त्याचा काय उपयोग. पण चालू करायची. पहिल्यांदा कंडक्टरने विचारलं, काकी, पंखा आहे काय? ती हसली. दुसऱ्या वेळी शेजारी एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. तिने यंत्राकडे पाहिलं, सावित्रीच्या तोंडावरच्या मास्ककडे पाहिलं, तिचा खोकला ऐकला, आणि काही न बोलता मुलीला उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसली. सावित्रीला सांगावंसं वाटलं, की बाय, हे लागणारं दुखणं नाही. पण एवढं वाक्य बोलायला जो दम लागतो तो नेमका त्या वेळी नव्हता. त्या दिवसापासून ती ते पिशवीतून बाहेर काढीना.

सखारामला हे कळलं तेव्हा त्याने बहिणीला समोर बसवलं आणि यंत्र चालू करायला लावलं. दिवा हिरवा होता. भाऊबहीण ओटीवर बोलत बसले. बोलता बोलता त्याने बिडी पेटवली आणि बघता बघता दिवा पिवळा झाला, मग लाल. सखाराम त्या दिव्याकडे बघत राहिला. उठला, घरापुढच्या खळ्याच्या पार टोकाला गेला, बिडी चिऱ्यावर विझवली. खिशातलं बिडीचं बंडल त्याने गंगारामच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे तुम्हीच ठेवा." त्यानंतर त्याने बिडी ओढलेली कोणी पाहिली नाही. चाळीस वर्षांची सवय अशी सुटते यावर नाट्यात कोणाचा विश्वास बसेना.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस पुरता गेला होता, भातं कापायला आली होती आणि रस्त्याच्या कामाची धूळ पुन्हा उठायला लागली होती. सकाळी सावित्री तांदूळ निवडत होती. फोन गंगारामने घेतला. ऐकताना तो नुसता हूं हूं करत राहिला, आणि सावित्रीला कळलं. फक्त कोण ते कळलं नाही.

"दादा गेला गो," गंगाराम म्हणाला.

होडीवरून उतरून वाळूत जाळं ओढत असताना सखाराम खाली बसला तो बसलाच. मुलगा ओमकार बाजूलाच होता. दवाखान्यात न्यायला गाडी आणीपर्यंत सगळं संपलं होतं.

सावित्री सूप बाजूला ठेवून उठली. तिला रडू आलं नाही, आला तो खोकला. गंगारामने पंप दिला, पाणी दिलं, आणि तिने यावं की न यावं याचा त्याच्या मनात विचार चालला आहे हे तिला दिसलं. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला नको सांगितलं होतं. तिकडे गर्दी असणार, धूर असणार. ती म्हणाली, "मी येणार. मला कोणी काय सांगू नका." लग्नानंतर एवढ्या ठाम आवाजात ती त्याच्याशी क्वचितच बोलली असेल.

वाडीतल्या संदेशकडे भाड्याची गाडी होती. त्याने मागच्या सीटवर तिला उशी दिली, काचा वर घेतल्या, गार हवा चालू केली. यंत्र गाडीच्या चार्जरला लावून तिच्या शेजारी ठेवलं. हमरस्त्याने लांजा, राजापूर करून गेलो तर धूळ लागेल, म्हणून रत्नागिरी, पावस करून समुद्राच्या रस्त्याने जायचं त्याने ठरवलं.

हातखंब्यापर्यंतचा रस्ता मात्र टाळता येण्यासारखा नव्हता. तिठ्यावर पुलाचं काम चालू होतं आणि गाड्या खोळंबल्या होत्या. डंपरमागून डंपर जात होते. बाहेर सगळं तांबडं, धुरकट. बंद काचांतूनही धूळ आत येतेच. यंत्राचा दिवा पिवळा झाला आणि थोड्या वेळात लाल. यंत्र मोठ्याने घरघरायला लागलं. गाडी जिथे उभी होती त्याच्या डाव्या हाताला, आता खणून काढलेल्या जागी, त्यांचं हॉटेल होतं. चूल कुठे होती तेसुद्धा सावित्रीने नेमकं दाखवलं असतं.

ती त्या लाल दिव्याकडे बघत होती. याच जागी तिचं तरुणपण गेलं होतं. तेव्हा असला दिवा कोणाकडे नव्हता, आणि असता तरी तिने भजी तळलीच असती, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या सीटवरून गंगारामने एकदा मागे वळून दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे भरून आले होते. तो मेहुण्यासाठी रडतोय की आणखी कशासाठी, हे तिने विचारलं नाही.

पावस मागे पडल्यावर दिवा हिरवा झाला. पूर्णगडच्या पुलावरून खाडी दिसली. सावित्रीला काच खाली करावीशी वाटली. समुद्राचं वारं तिने कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. पण दम राखायला हवा होता, दादाच्या उशाशी बसून रडण्यापुरता तरी, म्हणून तिने काच तशीच ठेवली.

नाट्याला पोचले तेव्हा घरासमोर गाव जमलं होतं. खळ्यात तीन दगड मांडून शेवटच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं आणि माडाच्या झावळ्या घातलेल्या त्या जाळाचा धूर सगळ्या खळ्यावर पसरला होता. घराच्या दारातून उदबत्त्यांचा धूर बाहेर येत होता. आतून बायकांचा आकांत ऐकू येत होता. सावित्री गाडीतून उतरली, मास्कवर पदर धरला, आणि लोकांनी वाट करून दिली तशी पुढे झाली. पायरीपर्यंत पोचली. दारातून तिला सखारामचे पाय दिसले, नुसते पाय, टाचा भेगाळलेल्या. आणि तिथेच तिच्या छातीत श्वास अडकला.

तिला वाटलं आपण ओरडतोय. पण आवाज निघत नव्हता, नुसती शिट्टीसारखी धाप. गंगारामने आणि संदेशने तिला दोन्ही बाजूंनी धरलं, अक्षरशः उचलून गाडीत आणलं, दार लावलं, काचा वर, यंत्र चालू. पंप घेतला, पुन्हा घेतला. हळूहळू ओठांचा निळेपणा गेला. गंगाराम म्हणाला, आता उतरायचं नाही. उतरता येणार नाही हे तिलाही कळलं होतं.

भावाचं प्रेत वीस पावलांवर आणि ती काचेच्या आत. आतली गार हवा, यंत्राची गुणगुण, हिरवा दिवा. बाहेरचे लोक येताजाता काचेतून बघत होते. गाडीत बसून राहिलेली बहीण त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकदोघी आपसांत काही बोलल्या. शब्द तिला ऐकू आले नाहीत, पण चेहऱ्यावरून समजलं.

मग शेजारची वैष्णवी आली. लग्नाआधी माहेरी असताना सावित्रीने तिला कडेवर खेळवलं होतं. तिने दार उघडलं, चटकन आत बसली, चटकन लावून घेतलं आणि सावित्रीचा हात हातात घेऊन रडली. ती गेली तशी दुसरी आली. मग म्हातारी चुलती आली, तिला दोघींनी धरून आत बसवलं. कोणी सांगितलं कोण जाणे, पण येणारी प्रत्येक बाई दार फार वेळ उघडं ठेवत नव्हती. यंत्राचा दिवा पिवळा व्हायचा, पुन्हा हिरवा व्हायचा. आत एका बाईचं रडणं व्हायचं, की दुसरी बाहेर थांबलेली असायची.

प्रेत बाहेर काढलं. हातात विस्तवाचं मडकं घेऊन ओमकार पुढे होता. चार पावलं गेल्यावर तो थांबला. त्याने मागे वळून खांदेकऱ्यांना सांगितलं, की आधी गाडीकडे चला, आते तिथे आहे. कोणी वडीलधारा म्हणाला, की वाटेत असं थांबवत नाहीत. ओमकार मडकं घेऊन खळ्याच्या पलीकडे, वारा जिकडे वाहत होता त्या अंगाला लांब जाऊन उभा राहिला, म्हणजे धूर इकडे येऊ नये. मग तिरडी गाडीपाशी आली.

सावित्रीने मास्क सारखा केला आणि दार उघडलं. चेहरा तसाच होता, बाकड्यावर गप्प बसलेला असायचा तसा. तिने दोन्ही हातांनी भावाचा चेहरा कुरवाळला. कपाळाला कपाळ लावलं. तिला पुष्कळ काही सांगायचं होतं, पण तेवढा दम नव्हता. "दादा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "दादा." गंगारामने हळूच तिचे हात सोडवले. तिरडी वळली.

पुरुष मंडळी गेली. बायकांनी खळ्यातला जाळ पाणी ओतून विझवला. मग घरातून सोनूबाई आली, सखारामची बायको, सावित्रीची वहिनी. तिला धरायला दोघी सोबत होत्या. त्यांना तिने परत पाठवलं. ती गाडीत येऊन बसली. ज्या बाईने घर सोडून बाहेर यायचं नसतं, ती आली.

सोनूबाईने त्या यंत्राकडे पाहिलं.

"हाच तो दिवा?" तिने विचारलं.

सावित्रीने मान हलवली.

"मी जन्मभर सांगत होते, बिडी सोडा. माझं नाही ऐकलं. त्या दिवशी घरी आले नि म्हणाले, मी तिच्याजवळ बसलो की तिची हवा जाते." सोनूबाई थांबली. "त्यानंतर कुणी समोर बिडी पेटवली तर उठून जायचे."

सावित्रीला रडू फुटलं आणि लगेच धाप लागली. रडणं आणि श्वास दोन्ही एका छातीत मावेना. सोनूबाईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"तू गप ऱ्हव, बाय. तुला दम नाही. तुझ्या वाटणीचं मी रडते."

आणि ती रडली. गाडीच्या बंद काचांत, मोठ्याने, नाव घेऊन, आधी नवऱ्याचं, मग बहीण जशी भावाला हाका मारते तशा हाका मारत. सावित्री डोळे मिटून ऐकत राहिली. जे तिच्या छातीतून निघत नव्हतं ते दुसऱ्या बाईच्या तोंडून बाहेर पडत होतं.

परतल्यावर सावित्री आजारी पडली. छातीत कफ झाला, रत्नागिरीला दवाखान्यात ठेवावं लागलं. हर्षदची बोट समुद्रात होती. बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला. मामा गेल्याचं आणि आई दवाखान्यात असल्याचं त्याला एकदमच कळलं. त्याने विचारलं, यंत्र चाललं ना? ती म्हणाली, चाललं हो, चांगलं चाललं. दुसरं काय सांगायचं होतं. मग तो फोनवर रडला. मोठं यंत्र आणतो म्हणाला. पुढच्या वेळी कुठे जायचं असेल तर, असंही काहीसं म्हणाला आणि मध्येच थांबला, कारण पुढच्या वेळी आईने कुठे जायचं, हे त्यालाही सुचलं नसावं.

डॉक्टरांनी घरी सोडलं ते रात्री झोपताना लावायच्या ऑक्सिजनसकट. उंबऱ्याबाहेर जाणं जवळजवळ संपलं. नाट्याला ती पुन्हा गेली नाही, सखारामच्या तेराव्यालाही नाही.

दिवाळी आली. वाडीतल्या पोरांना संदेशने बजावलं होतं, त्यामुळे त्यांच्या घराच्या आसपास फटाके वाजले नाहीत. भाऊबीजेला संध्याकाळी सावित्रीने गंगारामला ताट लावायला सांगितलं. ज्या बाईला भाऊ नसतो तिने त्या दिवशी चंद्राला ओवाळायचं असतं. लहानपणी तिने शेजारची एक म्हातारी तसं ओवाळताना पाहिली होती आणि तिला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं.

गंगारामने निरांजन पेटवलं ते बाहेर, लांब. वात नीट पेटून धूर निवला तेव्हाच त्याने ताट दारापर्यंत आणलं. पश्चिमेला, सड्याच्या कातळी माळावर, बारीकशी कोर होती. ती फार वेळ राहणार नव्हती. सावित्री दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिने ताट हातात घेतलं. एक फेरा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला हात अर्ध्यावर थांबला.

गंगारामने खालून ताटाला हात लावला. दोघांनी मिळून तो फेरा पुरा केला.

"बसतेस?" त्याने विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. कोर सड्याआड जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.